पॉपी लावावी का, आणि लावताना कोणाची आठवण ठेवावी?

टेम्सकाठ

नोव्हेंबर जवळ आला की इंग्लंडमधील मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कोटावर कागदाची लाल पॉपी लावायची की नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून रेल्वे स्थानकांवर आणि सुपरमार्केटच्या दारांत माजी सैनिक व स्वयंसेवक डबे घेऊन उभे असतात. डब्यात आपल्या मनाने पैसे टाकायचे आणि एक फूल घ्यायचे. त्याला ठरावीक किंमत नाही. काहीजण ते शिष्टाचार म्हणून लावतात, तर काहीजण 'ही साहेबाची युद्धे, आपला त्यांच्याशी काय संबंध' असे म्हणून टाळतात. मी पॉपी लावतो आणि त्यामागे माझे एक ठाम कारण आहे. ते सांगण्याआधी ही प्रथा कोठून आली, ते थोडक्यात मांडतो.

बेल्जियममधील ईप्र शहराजवळ मे १९१५ मध्ये जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरने आपला तरुण मित्र गमावला आणि त्या दुःखात फ्लँडर्सच्या शेतांत थडग्यांमधून उगवलेल्या पॉपींवर एक कविता लिहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली आणि सर्वतोमुखी झाली. मॅक्रे स्वतः जानेवारी १९१८ मध्ये न्यूमोनियाने गेले. युद्ध थांबण्याच्या दोनच दिवस आधी, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोइना मायकेल या अमेरिकन शिक्षिकेने ती कविता वाचून न्यूयॉर्कमध्ये रेशमी पॉपी लावली आणि ही खूण कायम बाळगण्याचा निश्चय केला. या खुणेला मदतकार्याची जोड दिली ती ॲना गेरँ या फ्रेंच बाईंनी. उद्ध्वस्त भागातील विधवा आणि अनाथांच्या मदतीसाठी त्या कापडी पॉपी विकत होत्या, आणि १९२१ मध्ये त्यांनी ही कल्पना लंडनला आणली. नव्यानेच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने त्या वर्षी ९० लाख पॉपी मागवल्या. त्या सगळ्या संपल्या आणि १ लाख ६ हजार पौंड जमा झाले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हॉसन यांनी अपंग सैनिकांना काम मिळावे म्हणून लंडनमध्ये पॉपीचा कारखाना काढला. एकच हात उरलेल्या माणसालाही पाकळ्या, देठ आणि मधले काळे बटण जुळवता यावे, अशी त्या फुलाची रचना केलेली होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण या फुलाची सुरुवात जखमी माणसाच्या रोजीरोटीशी जोडलेली आहे.

आता माझे कारण. पहिल्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार मरण पावली. पश्चिम आघाडीवर पडलेल्यांपैकी ज्यांची थडगी नाहीत, अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. परंतु मराठा पलटणी मुख्यतः लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तेथे बसरा येथे जे स्मारक उभे राहिले, त्यावर ब्रिटिशांची नावे आहेत आणि भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत; मात्र भारतीय शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा कोरलेला आहे. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींतील साताऱ्याची, रत्नागिरीची, कुलाब्याची (आजच्या रायगडची), पुण्याची माणसे त्या आकड्यांत आहेत. युद्धातील मृतांची थडगी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. आपल्या माणसांची नावे ज्यांनी दगडावर येऊ दिली नाहीत, त्यांच्याच देशात राहून आपण ती माणसे विसरावीत, हे मला पटत नाही. म्हणून मी पॉपी लावतो. इतरांचे म्हणणे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

माणदेशी

धागा अभ्यासपूर्ण आहे, तरी मूळ निष्कर्षाशी मी असहमत आहे. बसऱ्याला गेलेल्यांची आठवण ठेवलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा आहे की ती ठेवण्यासाठी खूण कोणाची वापरायची. ज्या कवितेतून पॉपी आली, तिचे शेवटचे कडवे मागे राहिलेल्यांना शत्रूशी लढा पुढे चालवायला सांगते. ते पुढे सैन्यभरतीसाठी वापरले गेले. पॉपीच्या मधल्या काळ्या बटणावर १९९४ पर्यंत 'हेग फंड' असे छापलेले असे आणि हे हेग म्हणजे फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईचे ब्रिटिश सेनापती. त्या लढाईत लाखो माणसे कोणाच्या हुकमाने गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आपल्या बाबतीत तर युद्ध संपून पाच महिनेही झाले नव्हते, तोच रौलट कायदा आला आणि पाठोपाठ १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बाग घडली. ज्या शिपायांच्या बळावर सरकारने बगदाद घेतले, त्यांच्या देशाला त्या सरकारने ही परतफेड केली.

शेजारच्या सिलोनचे उदाहरण द्यावेसे वाटते. तेथेही ११ नोव्हेंबरला पॉपी विकली जाई आणि पैसा बव्हंशी ब्रिटिश सैनिकांकडे जाई, स्थानिक माजी सैनिक उपेक्षित राहत. त्याविरुद्ध १९३० च्या दशकात तेथील तरुणांनी 'सूर्यामल' चळवळ चालवली. त्याच दिवशी ते पारोसा पिंपळाची पिवळी फुले विकत, कारण हे झाड त्यांच्या किनाऱ्यावरचे होते. त्यांनी मृतांना नाकारले नाही. दुसऱ्याची खूण तेवढी नाकारली. १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत याच चळवळीतील कार्यकर्ते गावोगाव मदत घेऊन गेले. मला हा मार्ग जास्त सन्मानाचा वाटतो.

निवृत्त सुभेदार

दोन्ही प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सेवा केली आहे आणि रंगरूट म्हणून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये घडलो, म्हणून काही गोष्टी सैनिकाच्या बाजूने मांडतो.

पहिली गोष्ट, शिपाई पलटणीसाठी लढतो. शेजारच्या खंदकात जो आहे तो आपल्या तालुक्यातला आहे, त्याच्या घरची माणसे आपल्याला ओळखतात, आणि गावी परतल्यावर त्यांना तोंड दाखवायचे आहे, एवढेच त्या घटकेला खरे असते. सरकार कोणाचे आहे हा विचार त्याच्या मनात येत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु गोळीबारात त्याला उभे ठेवतो तो त्याच्या सेक्शनमधला सोबती. मेसोपोटेमियातील कूत-अल-अमाराला तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्याचे वर्णन आम्हाला सेंटरमध्ये सांगितले जाई. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे १४७ दिवस, पुण्याची सहावी डिव्हिजन तेथे अडकून पडली होती. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापण्याची वेळ आली आणि धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस खाल्ले नाही. उपासमारीने आणि स्कर्व्हीने माणसे खंगत गेली. शरणागतीनंतर कैदी वाळवंटातून पायी नेले गेले आणि त्यांतील पुष्कळ परत आले नाहीत. या माणसांना 'साम्राज्याचे सैनिक' एवढ्या दोन शब्दांत संपवणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट. कूतला असलेली ११० वी पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. सेक्शनमधील इतर सर्वजण मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि ते त्यांनी जिंकले. नंतर दबा धरून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ही लढाई फॅसिझमविरुद्ध होती. तेथेही आपण म्हणायचे का, की ही साहेबाची लढाई?

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. माणदेशी यांना स्वतःची खूण हवी असेल तर ती आपल्याकडे १९४९ पासून आहे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असलेला छोटा ध्वज छातीवर लावायचा आणि निधी द्यायचा. हा पैसा वीरपत्नी, अपंग जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. किती सुशिक्षित मराठी माणसांनी तो ध्वज शेवटचा कधी लावला, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. सरकारी कार्यालयांत उद्दिष्ट ठरवून रक्कम गोळा होते आणि बाकीच्यांना तारीखही ठाऊक नसते. त्यामुळे पॉपीवर वाद घालण्याआधी आपल्या ध्वजाकडे पाहावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

ऑटावाहून

कॅनडातील पद्धत सांगते. येथे पॉपी डाव्या बाजूला, हृदयाजवळ लावतात. ऑटावात राष्ट्रीय युद्धस्मारकासमोर २००० साली अज्ञात सैनिकाची समाधी झाली. ११ नोव्हेंबरचा कार्यक्रम संपला की लोक पुढे येतात, कोटावरची पॉपी काढतात आणि समाधीवर ठेवून जातात. हे कोणी ठरवून दिलेले नाही. पहिल्याच वर्षी लोकांनी आपणहून केले आणि तेव्हापासून चालू आहे. थोड्याच वेळात दगड दिसेनासा होतो आणि सगळे लाल दिसते.

टेम्सकाठ यांचा नावांचा मुद्दा येथेही लागू होतो. बक्कम सिंग हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढला, जखमी झाला आणि १९१९ मध्ये क्षयाने गेला. किचनर शहरात त्याचे थडगे आहे, पण कित्येक दशके त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हते. त्याचे पदक इंग्लंडमधील एका दुकानात मिळाले, त्यावरून शोध लागला, आणि आता दर नोव्हेंबरला शीख समाज तेथे जमतो. आपल्या मराठी मंडळांचे दिवाळी कार्यक्रम याच सुमारास असतात. त्यांत बसऱ्याच्या शिपायांसाठी दोन मिनिटे उभे राहणे अवघड नाही. आमच्या मंडळात मी हे सुचवले तेव्हा 'सणाच्या दिवशी हे कशाला' असे उत्तर मिळाले. त्याचे वाईट वाटले, तरी मी पुन्हा सुचवणार आहे.

रानफूल

वनस्पतीबद्दल थोडे, कारण अनेकांचा समज असतो की ही अफूची बोंडे आहेत. फ्लँडर्समधील पॉपी ही शेतांत तणासारखी उगवणारी वेगळी जात आहे आणि तिच्यातून अफू निघत नाही. आपली खसखस येते ती अफूच्या झाडापासून. या रानपॉपीचे बी मातीत खोल कित्येक वर्षे निपचित पडून राहते आणि जमीन उकरली जाऊन उजेड मिळाला की रुजते. तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी तिकडची जमीन इतकी उलथीपालथी झाली होती की जेथे दुसरे काही तगले नाही तेथे पॉपी फुलली. दोन्ही फुले एकाच कुळातील असल्यामुळे गोंधळ मात्र होतो. २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान नोव्हेंबरमध्ये चीनला गेले असता, अफूच्या युद्धांची आठवण होते म्हणून पॉपी काढून ठेवावी, अशी विनंती त्यांच्या शिष्टमंडळाला झाली होती. त्यांनी ती मानली नाही.

दाभोळ खाडी

सैनिकांची चर्चा चालू आहे, म्हणून खलाशांची आठवण करून देतो. मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २ हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील ६ हजारांहून अधिक जणांचेही आहे. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवर कोळसा ओढणारे आगवाले, तेलवाले, भंडारी (खलाशांचे स्वयंपाकी) हे लोक होते. रत्नागिरीच्या बंदरपट्टीतील कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली, आणि गोव्यातून खानसामे व स्वयंपाकी गेले. यांच्या हातात बंदूकही नव्हती. बॉयलरच्या खोलीत काम करणाऱ्याला पाणतीर लागल्यावर वर येण्याची वाट सापडणे किती कठीण असेल, याचा विचार करावा.

मुंबईत राहून हे ठिकाण न पाहिलेले असंख्य लोक आहेत. पॉपी लावणारे असोत वा न लावणारे, ते एकदा पाहून यावे.

माणदेशी

सुभेदारसाहेबांचा ध्वजदिनाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र एक अंतर तरीही उरते. ध्वजदिन आणि दिल्लीचे २०१९ मधील राष्ट्रीय युद्धस्मारक ही स्वतंत्र भारताच्या सैनिकांची आहेत. त्या स्मारकावरील २५ हजारांहून अधिक नावे १९४७ नंतरची आहेत. १९१४ ते १९४५ या काळातील माणूस ब्रिटिशांच्या दगडावर आकडा आहे आणि आपल्या दगडावर नाहीच. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, तीही साहेबानेच कोरलेली.

यासाठीच मला झेंडूची कल्पना आवडते. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या दिल्लीच्या संस्थेने महायुद्धाच्या शताब्दीच्या काळात झेंडू हे भारतीय स्मरणाचे फूल म्हणून पुढे आणले. ते सगळीकडे मिळते आणि सर्व धर्मांच्या वापरात आहे. लीजनने २०१८ मध्ये काढलेली खादीची पॉपी मला तितकी पटत नाही. जी खादी इंग्रजी सत्तेविरुद्ध हाती घेतली गेली, तिचीच पाकळी करून त्या सत्तेसाठी मेलेल्यांच्या नावे लावायची, यात मला विसंगती दिसते.

टेम्सकाठ

खादीच्या पॉपीबद्दल माझे मत वेगळे आहे. लॉर्ड जितेश गढिया यांनी ती कल्पना मांडली, आणि तिच्यामुळे त्या वर्षी येथील वर्तमानपत्रांत व संसदेत हिंदी सैनिकांचा आकडा वारंवार उच्चारला गेला. येथील शाळांतील मुलांना पश्चिम आघाडीचे खंदक शिकवतात, पण त्या खंदकांत ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी होत्या हे क्वचित सांगतात. एखाद्या मुलाने 'ही पॉपी वेगळी का' असे विचारले, तरी तिचे काम झाले असे मी मानतो.

पॉपी न लावण्याचा अधिकार मात्र मी तितकाच महत्त्वाचा मानतो. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन २०१२ पासून पॉपी लावत नाही. केवळ दोन महायुद्धांतील मृतांसाठी असती तर मी लावली असती, परंतु ती सर्वच ब्रिटिश मोहिमांसाठी आहे आणि १९७२ मध्ये माझ्याच शहरात सैनिकांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, असे त्याने आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून सांगितले. त्याच्यावर वर्षानुवर्षे प्रेक्षकांतून शिव्यांचा वर्षाव झाला. हे निंद्य आहे. स्मरण सक्तीचे झाले की त्यातील स्मरण निघून जाते. येथे १९३३ मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या स्त्रियांनी पांढरी पॉपी काढली. त्यांत युद्धात पती, मुलगे आणि भाऊ गमावलेल्या अनेकजणी होत्या. पुन्हा युद्ध नको, हे त्यांना त्या फुलातून सांगायचे होते. त्यांनाही तेव्हा दूषणे मिळाली. माणदेशी झेंडू लावणार असतील तर मला आनंदच आहे.

पाटणखोरे

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या आजीचे वडील मराठा पलटणीत होते आणि 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढेच घरात सांगितले जाते. कागदपत्र काही नाही. पणजीला पेन्शन मिळत असे, असे आई सांगते. माळ्यावरच्या पेटीत एक चांदीचे पदक आणि काशाची जड गोल तबकडी आहे. तबकडीवर एक बाई आणि सिंह आहे. त्यांचे नाव कोठे नोंदलेले असेल का, आणि ते कसे शोधायचे?

निवृत्त सुभेदार

ताई, पदक प्रथम उजेडात आडवे धरून त्याची कड पाहावी. पदकाच्या मधल्या भागावर राजाचा चेहरा असतो, परंतु कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उमटवलेली असते. घासूनपुसून ती कड झिजवू नये. ब्रासोसारखे काही तर मुळीच लावू नये. मऊ कोरड्या कापडाने पुसून भिंगातून वाचावी. काशाची तबकडी ही मृताच्या वारसांना सरकारने पाठवलेली स्मृतिफलक आहे. तिच्यावर उंचवट्याने नाव कोरलेले असते आणि हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, कारण मृत्यूत सगळे समान असे धोरण होते.

टेम्सकाठ

पलटणीचा क्रमांक मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. बसऱ्याच्या दगडावर नाव नसले तरी आयोगाच्या नोंदींत अनेक शिपायांची नावे आता सापडतात, आणि कित्येक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. कारकुनांनी कानाला लागले तसे लिहिले आहे, म्हणून एकाच वर्णावलीवर अडून राहू नये. पवारचे पोवार झालेले असते. नावाने सापडले नाही तर पलटण आणि स्मारक निवडून जिल्ह्यावरून चाळावे. गावात चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत 'या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आहे का, तेही पाहावे. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अशा पाट्या बऱ्याच ठिकाणी आहेत. बहुतेकांवर नावे नसतात.

पाटणखोरे

भावाने आज पेटी उघडली. पदकाच्या कडेवर क्रमांक, 'सिपॉय' आणि ११० मराठा एवढे स्पष्ट वाचता आले. नावाची पहिली तीन अक्षरे झिजली आहेत, पण तबकडीवर ते पूर्ण आहे. त्यावरून नोंद मिळाली. मृत्यूची तारीख वेढा संपल्यानंतरची आहे, गाव आमचेच आहे, वडिलांचे नाव मात्र आईला आठवत नाही. ते खात्रीने कसे पडताळता येईल?

दाभोळ खाडी

त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची वंशावळ असण्याचा संभव आहे. गाव आणि आडनाव सांगितले की ते शोधून देतात. तहसील कार्यालयातील जुने फेरफार उतारेही पाहावेत. १९१६ नंतरच्या वारसनोंदीत मृताचे नाव वडिलांच्या नावासह आलेले असू शकते.